काचपेटीतली थापी

"थापी नको ठेवू त्या पेटीत," माय म्हणाली. चहाचा कप टेबलाच्या कोपऱ्यावर सरकवला आणि आली तशी आत निघून गेली.

धम्मरत्नच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर 'करुणा' हा शब्द होत आला होता, शेवटचा काना तेवढा ओढायचा राहिला होता. सकाळची वेळ. गल्लीत नळ आलेले, भांड्यांचे आवाज, शेजारचा पोरगा मोटरसायकलला किक मारून मारून घामाघूम झालेला. या सगळ्या गलक्यात मायचं ते वाक्य इतक्या हळू येऊन पडलं, की आपण ते ऐकलं की आपल्याला नुसतं वाटलं, हेच त्याला कळेना. माय कधी काही मागत नसे. साडी आणली तर 'कायले आनली', दवाखान्यात चल म्हटलं तर 'राहू दे, उतरते आपोआप'. आणि आता एवढ्या वर्षांनी मागून मागितलं काय, तर नेमकं तेच, जे दिलं तर मनवर सरांच्या भाषणाचा कणाच निघून जावा. त्याला आधी रागच आला. मग राग आल्याचा राग आला. मग त्यानं काना ओढला. तो किंचित वाकडा गेला.

टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर तीन औजारं मांडलेली होती. शिशाचा ओळंबा, त्याची दोरी मळून काळी झालेली. लोखंडी गुण्या, ज्यानं मिस्त्री भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघतो. आणि थापी, लोखंडाचं तिकोनी पातं अन् लाकडी दांडा, जिच्यानं कालवलेला माल उचलून भिंतीवर मारायचा आणि दाबून सारखा करायचा. बळीराम मिस्त्रीची, म्हणजे धम्मरत्नच्या बाबांची औजारं. वस्तीतल्या विहाराच्या पहिल्या भिंती बळीराम मिस्त्रीनंच श्रमदानानं उभ्या केल्या होत्या. आता विहाराला लागून नवं वाचनालय झालं होतं, आणि वर्षावास समाप्तीच्या दिवशी तिथं काचेच्या पेटीत ही औजारं कायमची ठेवायचं कमिटीनं ठरवलं होतं. प्रत्येकापुढं एक पाटी. ओळंबा, सत्य. गुण्या, समता. थापी, करुणा. अक्षरं खुद्द मनवर सरांच्या हातची.

आता हे मनवर सर म्हणजे कोण, तर हाच धम्मरत्न, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारे, वर्गात पोरं पेंगतात असे, पण सभेत उभे राहिले की दिग्रसपासून वणीपर्यंत माणसं पापणी हलवत नाहीत असे. 'औजारवाले सर' हे त्यांचं नावच पडलेलं. दिग्रसच्या एका जयंतीला पहिल्यांदा त्यानं बापाची थापी पिशवीतून काढून हातात उंच धरली, तेव्हा आधी मंडपात कोणी हसलंही होतं. मग तो बोलत गेला. थापी दगड आणि दगड यांच्यामधलं अंतर भरते. ती खालच्या विटेला वरच्या विटेचं ओझं सोसायला मऊ बिछाना देते. तिला तीन कोपरे, आणि आपली शरणंही तीन. भिंतीला जे जोडतं तेच माणसाला जोडतं, आणि त्याचं नाव करुणा. पुढच्या रांगेत बसलेले बाबा तेव्हा धडधाकट होते, उपरण्यानं डोळे पुसत होते. लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवसापासून धम्मरत्नला एक गोष्ट उमगली, की वस्तूला अर्थ लावला की ती वस्तू आपलं ऐकते. मग त्याला सुचतच गेलं. अक्षरांचंही तसंच. शिरोरेषा म्हणजे मिस्त्रीनं बांधलेली दोरी, सगळी अक्षरं त्या दोरीला धरून, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. वर्तुळ म्हणजे चाक, चाक म्हणजे धम्म. त्रिकोण, चौकोन, काना, मात्रा, त्याला प्रत्येकात काही ना काही सापडे. बायको ममता म्हणायची, "तुम्हाला पोळीतपण अर्थ दिसत असन. आंधी खाऊन घ्या." नर्स होती ती, जखमेला जखम आणि तापाला ताप म्हणणारी.

त्यानं चहा घेतला. चहा गार झाला होता. मागच्या खोलीतून बाबांचा तो आवाज आला, घशातून येणारा, ना हाक ना कण्हणं. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेल्या होत्या. ज्या हातात थापी असायची तोच हात आता मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिलाय असा. माय त्यांना उठवायची, बसवायची, भात कालवून भरवायची, ओघळलेलं पदरानं टिपायची. पदर. तो डोक्यावरून असा पुढं ओढलेला असायचा की केसांची कडसुद्धा दिसू नये. वस्तीतल्या तिच्या वयाच्या बाया सभेला डोकं उघडं ठेवून छान वेण्या घालून यायच्या, आणि हिचा पदर मात्र कपाळावर. सुनेनं एकदा म्हटलं होतं, "माय, आता कोनाची लाज धरता?" तर म्हणाली, "सवय झाली वं." सवयीच्या नावाखाली बाईमाणूस किती काय झाकून ठेवतं याचा हिशेब कोणी मांडावा. पदराखाली, डाव्या भुवईच्या वर, जिथून केस सुरू होतात तिथं एक खूण होती. दोन रेघा, एका टोकाशी मिळालेल्या. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं की ती दिसायची, आणि तो बोट फिरवून विचारायचा, हे काय. "परांचीची बल्ली लागली," ती सांगायची, आणि बोट हळूच बाजूला करायची. बांधकामावर उभारलेल्या लाकडी परांचीची बल्ली. पटण्यासारखं होतं. ती बाबांच्याच हाताखाली रेजा होती, डोक्यावर घमेली वाहणारी. रेजांना काय काय लागतच असतं.

पण लाकडाच्या गोल बल्लीनं अशी कोपऱ्याची खूण उठत नाही. हे त्याला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही. सांगितलं ते चंदाबाईनं. चंदाबाई मायच्या बरोबरीची रेजा, तांड्यावरची. धम्मरत्नच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तो पुसद रोडवरच्या तिच्या घरी गेला, तेव्हा तिनं त्याला खाटेवर बसवलं, तोंडभर कौतुक केलं, प्राध्यापक झाला म्हणून कानशिलावर बोटं मोडली, आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "तुही माय शिकली असती तं तिबी मास्तरीन झाली असती. पन त्या दिवसापासून तिनं पाटीले हात नाई लावला." कोणत्या दिवसापासून, त्यानं विचारलं. चंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "तुले मालूम नाई?"

तेव्हा साक्षरतेचे वर्ग निघाले होते, विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये, दिवे लागायच्या वेळेला. माय कामावरून आली की हातपाय धुऊन पाटी घेऊन निघायची. धम्मरत्नला ते अंधूक आठवत होतं, पाटीवर थुंकी लावून पुसण्याचा वास, आणि आपली माय आपल्यासारखंच अभ्यासाला जाते याची मजा. 'स' तिला साधला होता, तिच्याच नावातला पहिला. त्याच दिवसांत दारव्हा रोडवर एका डॉक्टरच्या बंगल्याचं काम चालू होतं. दिवाणखान्याच्या भिंतीला निरू मारून झाला होता, म्हणजे गिलाव्यावर शेवटचा जो चुन्याचा गुळगुळीत हात देतात तो, अगदी लोण्यासारखा, आणि अजून ओला. "तुह्या मायनं बोटानं लिवलं त्याच्यावर," चंदाबाई म्हणाली. "काय लिवलं ते मले काय समजनार, मी तं अंगठेवाली. मोठ्या खुशीनं मले हाक मारली, म्हने चंदे, पाय, हे माहं. तेवढ्यात बळीराम मिस्त्री परांचीवरून उतरला. हातात थापी होती. काही बोललाच नाई तो. एक मारली. ती खाली बसली. अन् मंग, पोरा, माह्या डोयानं पाह्यलं म्हनून सांगतो, त्यानं आंधी भीत सारखी केली. त्याच थापीनं. रगत मंग मी पुसलं." आणि थोडं थांबून, जणू बळीरामचीही बाजू सांगायला हवी म्हणून, ती म्हणाली, "मालक येनार होता ना पाहाले."

मालक येणार होता. हे तीन शब्द त्यानं पुढं किती वेळा मनातल्या मनात फिरवले असतील. त्यांच्यात बापाची सगळी बाजू होती. वस्तीतला मिस्त्री, मोठ्या माणसाच्या दिवाणखान्याची भिंत, आणि तिच्यावर त्याच्याच बायकोनं काढलेली अक्षरं. मालकानं पाहिलं असतं तर त्याला काय काय ऐकावं लागलं असतं, किती काळ काम मिळालं नसतं. भीती होती ती. भीतीनं माणूस काय वाटेल ते करतो. हे सगळं खरं होतं. पण आधी भीत सारखी केली, हेही खरंच होतं, आणि ते पहिल्या खऱ्यात कुठं बसेना. त्या दिवशी तो तांड्यावरून परत आला. बाबा अंगणात खाट टाकून त्याच्या लग्नाच्या मांडवाचं माप काढत होते, त्याला बघून हसले. त्यानंही हसून दाखवलं. मायनं जेवायला वाढलं. वाढताना ती वाकली आणि पदराखालची ती खूण त्याला दिसली, आणि त्यानं मान खाली घालून वरणभात कालवला. विचारायचं ते राहिलंच. आधी लग्न, मग संसार, मग पोरगी. असं विचारायचं राहून जातं आणि मग राहून गेलंय हेच घर होऊन बसतं.

आणि दिग्रसचं ते भाषण यानंतरचं. हीच तर गोम होती. ठाऊक नसताना बोलला असता तर गोष्ट वेगळी. ठाऊक असून त्यानं थापी हातात घेतली, आणि शोधून शोधून शब्द काढला तो करुणा. त्याचं त्यालाच कधी कधी नवल वाटे. ओळंब्याला सत्य म्हणताना, गुण्याला समता म्हणताना त्याला काही लागत नसे, ते शब्द आपोआप आले. थापीशी मात्र तो झटला होता, बरेच दिवस. जिथं जास्त तडा तिथं जास्त माल, हे मिस्त्रीच्या पोराला सांगावं लागत नाही. बाबांना लोकांनी मान दिला, तो बाबांना हवा होता, आयुष्यभर कोणी दिला नव्हता. रडले तेव्हा कशासाठी रडले हे त्यानं विचारलं नाही. कदाचित त्यांनाही तीच भिंत आठवली असेल. कदाचित नसेलही. आता तर बोलायला वाचाच नव्हती, म्हणजे तोही मार्ग बुजला. आणि माय? माय या भाषणांना आली नव्हती. घरी कोणी तरी पाहिजे म्हणायची. तिनं ऐकलं नाही म्हणजे तिला ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि जेवणारे तृप्त. मग आत्ता, पाट्या रंगत असताना, तिला कोणी सांगितलं की कोणती पाटी कोणत्या औजारासमोर? तिला तर वाचता येत नव्हतं. बँकेत ती अजून अंगठाच लावायची. मुलगा गावोगाव अक्षरांवर बोलत हिंडत होता, शिबिरांतून दुसऱ्यांच्या आयांना 'अ आ' गिरवून देत होता, आणि दिव्याखाली अंधार.

संध्याकाळी तो बाबारावांकडे गेला. बाबाराव कमिटीचे अध्यक्ष, एसटीतून निवृत्त, अजूनही कोणाशीही बोलताना गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे. विहाराच्या ओट्यावर ते मंडपवाल्याशी घासाघीस करत होते. धम्मरत्ननं रस्ताभर वाक्य जुळवलं होतं आणि तोंड उघडलं तर भलतंच निघालं. "थापीचा दांडा कुजला आहे," तो म्हणाला. "शोभणार नाही पेटीत. ओळंबा अन् गुण्या, दोनच ठेवू."

"कुजला तं नवा बसवू. सुतार तं आपलाच हाये," बाबाराव म्हणाले.

"तसं नाही. मायचंही म्हणणं पडलं, थापी नको."

"काहून?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. सकाळी त्यानं मायला तो विचारला नव्हता, तेवढ्यासाठीच की उत्तर येऊ नये. आता तो स्वतःकडे आला होता आणि उत्तर त्याच्याकडे होतं, अगदी जिभेवर. ओट्याच्या कडेला बसून बाबारावांना सांगता आलं असतं. पाच-सात वाक्यांचं काम. पण मग ही वाक्यं बाबारावांच्या घरी गेली असती, तिथून नळावर, तिथून मंडपात. मागच्या खोलीत जो एक म्हातारा तोंड उघडून घासाची वाट बघत बसतो त्याच्यावर सगळी वस्ती थुंकली असती. आणि औजारवाल्या सरांवर? त्याच्यावर थुंकली नसती, हसली असती. बापाला वाचवतोय असं त्यानं स्वतःला सांगितलं. सांगताना त्याला नीटच माहीत होतं की यात बाप थोडा आणि आपणच जास्त आहोत. "काही नाही," तो म्हणाला, "म्हातारं माणूस. तिला वाटतं, आपलं कायले एवढं कौतुक."

बाबारावांचा चेहरा उजळला. "अरे, हेच तं ते. किती मोठं मन. घमेली वाहून वाहून जन्म गेला त्या माउलीचा, अन् म्हनते कौतुक नको." त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता असं करू. पाहुण्याच्या हातानं नाई ठेवाची. थापी तुह्या मायच्याच हातानं ठेवू. स्टेजवर. बळीराम मिस्त्रीले शाल, अन् माउलीच्या हातानं थापी. मी आजच पत्रिकेवाल्याले फोन करतो."

तो निघाला. रस्त्यात त्याला वाटलं, परत जावं. पानठेल्यापाशी थांबला, सुपारी घेतली, खाल्ली नाही. मग घराकडे वळला. करायला गेलो गणपती अन् झालं माकड, अशी म्हण त्याच्या मनात आली, आणि बौद्धाच्या पोराच्या तोंडी ही कुठून आली म्हणून तो उगीच त्या म्हणीवरच चिडला. मनाला कुठं तरी चिडायला जागा लागते.

घरी माय भाकरी टाकत होती. ममता ड्युटीवरून नुकतीच आलेली, पाय सोडून थकून पाटावर बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की कमिटीचं असं असं ठरलं. थापी ठेवायचीच. आणि ती मायनं. सांगताना त्याचा आवाज भाषणातल्यासारखा झाला होता, हे त्याला ऐकू येत होतं. माय भाकरी थापत होती. ती थांबली नाही. पिठाच्या हातानं तिनं पदर पुढं ओढला, त्यावर पांढरं बोट उमटलं. "बरं," ती म्हणाली.

ममतानं दोघांकडे पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं, पण जखम कुठं आहे हे न सांगता ओळखण्याचा तिचा धंदाच होता. "एक विचारू?" ती म्हणाली. "बाबा तर कधी खंडेनवमीले औजारं पुजू देत नव्हते. शेजारचे मिस्त्री हळदकुंकू लावत, बाबा म्हनत, आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या, लोखंडाले काय हात जोडाचे. मंग आता काचेत ठेवून हार घालनार म्हनजे काय वेगळं झालं?" धम्मरत्ननं तिला प्रतीक आणि पूजा यांतला फरक सांगायला सुरुवात केली. चांगला सांगत होता तो. मायनं भाकरी तव्यावर टाकली. ममता मध्येच उठली आणि बाबांचं ताट करायला लागली.

कार्यक्रमाला सगळी वस्ती लोटली. पांढऱ्या साड्या, निळ्या किनारी, लेकरांच्या हातात मेणबत्त्या, खिरीचा वास. वंदना झाली, त्रिशरण झालं. बाबांना खुर्चीसकट चौघांनी उचलून स्टेजवर आणलं. शाल घातली तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूनं हललं आणि लाळ ओघळली. माय पुढं झाली, पदराच्या टोकानं ती टिपली, आणि एवढ्यावरच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाबारावांनी माईकवरून तिचं नाव घेतलं, सत्यशीलाबाई बळीराम मनवर. ताटात ठेवलेली थापी तिच्यापुढं आली. नवा दांडा, पॉलिश केलेला. पातं सुताराच्या पोरानं घासून चकचकीत केलं होतं, कोपरे होते तसेच. तिनं ती उचलली. धम्मरत्न दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याला दिसलं, ती कशी धरलीये ते. पातं स्वतःकडे, दांडा समोर. रेजा मिस्त्रीला थापी देते ती अशीच देते, त्याला पटकन मुठीत घेता यावी म्हणून. जन्मभर तिनं ती बाबांना अशीच दिली होती. तशीच धरून ती पेटीपर्यंत चालत गेली आणि पुठ्ठ्यावरच्या त्याच्या अक्षरांमागं ती ठेवली, दांडा लोकांकडे. फोटोवाला म्हणाला, "आजी, पदर थोडा मागं घ्या ना, चेहरा येऊन नाही राह्यला." तिनं पदर आणखी पुढं ओढला. लोक प्रेमानं हसले.

मग तो बोलायला उभा राहिला. त्यानं ठरवलं होतं. आधीपासून पक्कं ठरवलं होतं, की ओळंबा बोलायचा, गुण्या बोलायचा, वाचनालयावर येऊन संपवायचं. थापीचं नाव घ्यायचं नाही. एवढं तरी. माय पहिल्या रांगेत बसली होती, त्याच्या भाषणाला पहिल्यांदाच. तो ओळंब्यावर बोलला. आवाज लागला. गुण्यावर बोलला, मंडप शांत झाला, बायांनी लेकरांना गप्प केलं. तो वाचनालयाकडे वळला, तर मंडपात एक चुळबुळ झाली. लोकांना भाषण पाठ होतं. कीर्तनात अभंग चुकला की टाळकऱ्याला कळतं तसं त्यांना कळलं की काहीतरी गाळलं गेलं. मागून कोणी तरी म्हणालं, "सर, थापी राह्यली." दुसऱ्या बाजूनं हसू आलं. बाबारावांनी मान डोलावून खूण केली. धम्मरत्ननं मायकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत ना विनंती होती ना राग, ती फक्त ऐकायला बसली होती, वर्गात बसावं तशी.

त्यानं माईक उगीच सरळ केला. मग तोंड आपल्या सवयीनं उघडलं. थापी दगड आणि दगड यांच्यामधलं अंतर भरते, तो म्हणाला. तीन कोपरे, तीन शरणं. शब्द येत गेले, त्यांना वाट ठाऊक होती. करुणेपर्यंत येऊन तो थांबला असता तरी चाललं असतं, पण पुढं एक जागा मोकळी दिसली आणि जिभेला मोकळी जागा सोसत नाही. त्यानं हात पसरून मायकडे केला. "ह्याच थापीच्या घामावर," तो म्हणाला, "माझी ही माय रोज संध्याकाळी ह्याच विहारात पाटी घेऊन बसायची. ह्याच थापीनं आमच्या घरात पहिलं अक्षर आणलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबारावांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाया मायच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. खुर्चीत बाबांच्या घशातून तो आवाज निघाला, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, आणि लोकांना वाटलं त्यांना भरून आलं, म्हणून टाळ्या आणखी वाढल्या. धम्मरत्न तेवढा त्यांच्याकडे बघू शकला नाही. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं, असं पुढं कितीतरी जण म्हणाले.

घरी आल्यावर तो कपडे न बदलता पलंगावर बसून राहिला. ममतानं पाणी आणून दिलं. मागच्या खोलीत दिवा होता. तिथं माय बाबांना जेवायला घालत होती, खीर त्यांना गिळायला बरी पडते म्हणून तिनं विहारातून डब्यात आणली होती. तो उठून दारापर्यंत गेला. बोलायचं होतं त्याला. काय, हे माहीत नव्हतं. माफी म्हणावी तर कशाकशाची. त्याला वाटलं, तिनं शिव्या द्याव्यात. तिनं विचारावं, तुले ठाऊक होतं ना? म्हणजे तो हो म्हणेल, आणि मग काहीतरी फुटेल, आणि फुटलं की सुटेल. नवी शाल अजून बाबांच्या खांद्यावर होती, तिच्यावर खिरीचा थेंब सांडला होता, तो माय नखानं काढत होती. पदर मागं सरकला होता. घरात होती ना ती. दिव्याच्या उजेडात त्या दोन रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"माय," तो म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या तोंडावर काहीसं हसू आलं, पोरगा परीक्षेत पास होऊन आल्यावर यायचं तसं.

"चांगलं बोलला तू," ती म्हणाली. "घडीभर मले बी खरंच वाटलं रे, धम्मा."

आणि तिनं पुढचा घास बाबांच्या तोंडाशी नेला.